सिंदखेडचे लखुजी जाधवराव : वैरकथेतील कुलपुरुषाच्या प्रतिमेची चिकित्सा

सारांश

जाधव आणि भोसले या दोन मराठा घराण्यांतील वैर हा शिवपूर्वकालीन इतिहासलेखनातील व ललित साहित्यातील एक लोकप्रिय विषय आहे. या वैराच्या केंद्रस्थानी सिंदखेडचे लखुजी जाधवराव हे कुलपुरुष उभे आहेत. शिमग्याच्या रंगाचा प्रसंग, खंडागळे यांच्या हत्तीचा प्रसंग आणि शिवनेरीच्या वाटेवरील पिता-कन्या भेट या तीन कथांनी त्यांची प्रतिमा घडवली. प्रस्तुत लेखात या तिन्ही कथांची कालगणना, समकालीन साधने आणि कथनाचे स्वरूप या अंगांनी तपासणी केली आहे. अमेरिकेतील ॲपलेशियन पर्वतभागातील हॅटफील्ड-मॅकॉय वैराशी तुलना करून 'वैर' ही संज्ञा जाधव-भोसले संबंधांना कितपत लागू पडते, याचाही विचार केला आहे.

बीजशब्द : लखुजी जाधवराव, सिंदखेडराजा, शिवभारत, बखर, कुलवैर, वतन, निजामशाही.

१. प्रस्तावना

बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरील सिंदखेडराजा हे गाव महाराष्ट्राला राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून परिचित आहे. दरवर्षी १२ जानेवारीला तेथे मोठा जनसमुदाय लोटतो. राजवाडा, रंगमहाल, काळा कोट, मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव अशा वास्तू त्या गावाच्या गतवैभवाची साक्ष देतात. याच गावात लखुजी जाधवरावांची भव्य समाधी आहे. इ.स. २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संवर्धनकार्यात या समाधीच्या परिसरात शिवमंदिराचे अवशेष व शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली, तेव्हा समाधीचे नाव वृत्तपत्रांतून पुन्हा वाचनात आले. तथापि ज्यांची ती समाधी आहे त्या पुरुषाविषयी सर्वसामान्य वाचकास काय ठाऊक आहे, असा प्रश्न केला तर उत्तर ठरलेले असते. लखुजी म्हणजे जिजाऊंचे वडील, भोसल्यांची सोयरीक नाकारणारे मानी सरदार, आणि जावयावर तलवार उगारणारे सासरे.

ही प्रतिमा कोठून आली, तिला समकालीन साधनांचा आधार किती, आणि ती टिकून का राहिली, हे तीन प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय आहेत. लखुजींचे समर्थन करणे हा लेखाचा हेतू नाही. एका कुलपुरुषाचे चरित्र वैराच्या कथेत बसवले म्हणजे त्यातील कोणते भाग गळून पडतात, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

२. शिमग्याचा रंग : नकार देणारा पिता

पहिली कथा सर्वपरिचित आहे. शिमग्याच्या सणानिमित्त लखुजींच्या वाड्यात सरदार मंडळी जमलेली असतात. मालोजी भोसले आपल्या लहान मुलास, शहाजीस, घेऊन आलेले असतात. शहाजी व जिजा ही दोन मुले एकमेकांवर रंग उडवतात. लखुजी कौतुकाने 'जोडा शोभतो' अशा आशयाचे उद्गार काढतात. मालोजी लगेच उठून ही सोयरीक ठरली, असे सभेला साक्ष ठेवून जाहीर करतात. लखुजी व त्यांच्या घरची मंडळी हा संबंध कमीपणाचा म्हणून नाकारतात. पुढे मालोजींना देवीच्या दृष्टान्ताने धन मिळते, निजामशाही दरबारात मान वाढतो आणि अखेर लखुजींना विवाहास संमती द्यावी लागते.

या कथेचा उगम पाहिला असता ती उत्तरकालीन ठरते. शिवकालाला जवळच्या सभासदाच्या बखरीत तिला स्थान नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या चिटणीस बखरीसारख्या लेखनात ती विस्ताराने येते आणि इ.स. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासामुळे ती इंग्रजी वाचकांपर्यंत व पुढे पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचते. डफने हा प्रसंग इ.स. १५९९ च्या होळीचा म्हणून दिला असून त्या वेळी शहाजी पाच वर्षांचे होते असे म्हटले आहे. जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजी झाला ही आज सर्वमान्य असलेली तिथी स्वीकारली, तर त्या होळीला त्यांचे वय जेमतेम चौदा महिन्यांचे होते. एवढ्या वयाच्या बालिकेने समवयस्कावर रंग उडवणे संभवत नाही. प्रसंगाचे वर्ष, जन्मतिथी आणि कथा ही तिन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. यांपैकी सर्वांत सहज सोडून देण्याजोगी गोष्ट कथाच आहे.

कालगणनेपेक्षाही कथेचा साचा अधिक बोलका आहे. संपन्न पिता, त्याची कन्या, हलक्या मानल्या गेलेल्या घरचा मुलगा, भर सभेत निघून गेलेला शब्द, त्या शब्दापासून माघार, दैवी साहाय्याने मिळालेले धन आणि शेवटी झालेला विवाह हा लोककथेचा क्रम आहे. त्यात कन्येच्या पित्याला एकच काम असते, आणि ते म्हणजे नकार देणे. त्याने नकार दिला नाही तर नायकाच्या उत्कर्षाला अर्थ उरत नाही. लखुजींचा नकार हा अशा रीतीने त्यांच्या स्वभावाचा पुरावा नसून कथेची गरज आहे.

या नकारामागील गृहीतही तपासून पाहावे लागते. मालोजी हे लखुजींच्या आश्रयाने वाढलेले सामान्य शिलेदार होते, असे कथा सुचवते. परंतु मालोजींच्या पत्नी फलटणच्या नाईक-निंबाळकर घराण्यातील होत्या, आणि त्या काळी निंबाळकरांशी सोयरीक असणारे घराणे अगदीच क्षुल्लक असणे कठीण आहे. वा. सी. बेंद्रे यांनी मालोजी व शहाजी यांच्या चरित्राची साधनसामग्री एकत्र करून भोसले घराण्याच्या निजामशाहीतील स्थानाकडे लक्ष वेधले, त्यानंतर या गृहीताचा पाया बराच सैल झाला आहे. दोन्ही घराणी एकाच दरबारात होती, दोघांचीही वतने होती, आणि अशा घराण्यांत विवाह होणे ही अपवादात्मक गोष्ट नव्हती. विवाह झाला हे निश्चित आहे. त्यासाठी रंगाची व दृष्टान्ताची आवश्यकता नाही.

३. हत्तीचा प्रसंग : दोष कोणाचा?

दुसरी कथा अधिक गंभीर आहे, कारण तिला शिवकालीन आधार आहे. कवींद्र परमानंदाने शिवछत्रपतींच्या आज्ञेने रचलेले 'शिवभारत' हे संस्कृत काव्य इ.स. १९२७ मध्ये स. म. दिवेकर यांनी मराठी भाषांतरासह प्रसिद्ध केले. त्यात निजामशहाच्या दरबारातून सरदार बाहेर पडत असताना घडलेल्या प्रसंगाचे वर्णन आहे. खंडागळे यांचा हत्ती गर्दीत बेफाम होतो. लखुजींचे पुत्र दत्ताजी त्याच्यावर चालून जातात. विठोजी भोसल्यांचे पुत्र संभाजी व खेळोजी हत्तीच्या बाजूने पुढे येतात. चकमकीत दत्ताजी संभाजींच्या हातून मारले जातात. पुढे निघून गेलेले लखुजी पुत्राच्या मृत्यूची वार्ता ऐकून माघारी वळतात. चुलतभावाच्या साहाय्यास आलेले शहाजी त्यांच्या हातून जखमी होतात आणि संभाजी ठार होतात. ही घटना सामान्यतः इ.स. १६२२-२३ च्या सुमाराची मानली जाते.

या प्रसंगाचे वाचन करताना काव्य कोणी व कोणासाठी रचले, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. परमानंदाचा आश्रयदाता हा शहाजींचा पुत्र तसाच लखुजींचा दौहित्र होता. ज्याच्यापुढे हे काव्य वाचले जावयाचे, त्याचे एक आजोबा त्याच्याच पित्यावर शस्त्र चालवतात, असा हा पेच आहे. कवीला यांतील कोणासही खलपुरुष करता येत नाही. दत्ताजी हे मामा, संभाजी हे चुलते, शहाजी हे पिता आणि लखुजी हे मातामह. अशा स्थितीत प्रसंगाचा आरंभ माणसाच्या द्वेषातून न होता जनावराच्या उन्मादातून होणे हे कवीच्या दृष्टीने फार सोयीचे ठरते. हत्ती बिथरला, आणि बाकीचे सारे वीरधर्माने ओघाने घडले. दोष हत्तीवर जातो व कुळे निर्दोष राहतात. हत्तीचा प्रसंग काल्पनिक आहे असा याचा अर्थ नाही. प्रसंग खरा असूनही त्याची मांडणी कवीच्या अडचणीने ठरवली आहे, एवढाच याचा अर्थ आहे.

शिवभारतातील लखुजी मानी आहेत, परंतु ते क्षुद्र नाहीत. पुत्राचा मृत्यू ऐकून माघारी वळणारा पिता ही त्यांची तेथील प्रतिमा आहे. उत्तरकालीन लेखनात मात्र यातील पुत्रशोक मागे पडतो आणि जावयावर उगारलेली तलवार तेवढी पुढे येते. रंगाच्या कथेतील नकार आणि हत्तीच्या कथेतील वार हे मग एकाच स्वभावाचे दोन आविष्कार म्हणून जोडले जातात. येथे कथनाने एक मोठी उडी घेतली आहे. दोन प्रसंगांमध्ये दोन दशकांहून अधिक अंतर आहे आणि त्यांचा परस्परसंबंध दाखवणारे समकालीन साधन नाही.

हत्तीच्या प्रसंगाला आणखी एक काम दिले जाते. लखुजी निजामशाही सोडून मोगलांकडे का गेले, याचे उत्तर म्हणून तो सांगितला जातो. परंतु जहांगीराच्या आत्मचरित्रात इ.स. १६१६ च्या सुमारास बाळापूर येथे मोगल सेनानी शाहनवाजखान याला येऊन मिळालेल्या दक्षिणी सरदारांत जादोंरायाचे नाव येते. म्हणजे हत्ती बिथरण्यापूर्वी काही वर्षे लखुजी एकदा मोगलांकडे जाऊन आलेले होते. पुढे ते पुन्हा मोगली सेवेत गेले, त्या वेळी त्यांच्या कुटुंबाला व नातलगांना मिळून २४ हजारांची मनसब व १५ हजार घोडेस्वार इतका मान मिळाल्याचे फारसी परंपरा सांगते व ग्रँट डफही त्याचा उल्लेख करतो. एवढा मोठा व्यवहार एका दिवसाच्या संतापातून घडत नाही. इ.स. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत लखुजी मोगलांच्या बाजूस व शहाजी मलिक अंबरच्या बाजूस होते आणि त्या लढाईत शहाजींचे बंधू शरीफजी पडले. परंतु तेथे दोन घराणी लढत नव्हती. तेथे निजामशाहीविरुद्ध मोगल व आदिलशाही अशी फौज उभी होती आणि दोन्हीकडे मराठे सरदार होते.

४. सीमेवरचे वतन

लखुजींच्या निष्ठाबदलाचा उलगडा स्वभावात शोधण्यापेक्षा नकाशात शोधणे अधिक फलदायी ठरते. सतराव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मोगलांचे दक्षिणेतील मुख्य ठाणे बऱ्हाणपूर येथे होते आणि वऱ्हाडात बाळापूर हे त्यांचे लष्करी केंद्र होते. निजामशाहीचे बळ दौलताबादच्या आसपास एकवटले होते. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात सिंदखेड येते. खामगावहून बाळापूर जितके जवळ आहे, ते पाहता आजच्या बुलडाणा जिल्ह्याची उत्तर बाजू मोगली छावणीच्या छायेत आणि दक्षिण बाजू निजामशाहीच्या कडेला होती, हे सहज ध्यानात येते.

अशा सीमेवर ज्याची देशमुखी आहे त्याला कोणत्याही एका सत्तेशी अखंड राहणे परवडत नाही. फौज उत्तरेकडून आली की प्रथम त्याचीच गावे तुडवली जाणार, आणि दक्षिणेकडून आली तरी त्याचीच. वतन राखणे हे कुलपुरुषाचे पहिले कर्तव्य होते. चाकरी बदलता येत असे, वतन बदलता येत नसे. स्वतः शहाजींनीही निजामशाही, मोगल व आदिलशाही अशा तिन्ही सत्तांची सेवा केली. एकाच प्रकारच्या वर्तनाला एका चरित्रात मुत्सद्देगिरी आणि दुसऱ्यात फितुरी म्हणणे समीक्षेच्या दृष्टीने समर्थनीय नाही. 'स्वराज्य' ही कल्पना नंतर साकार झाली. तिच्या मापाने तिच्या आधीच्या पिढीस मोजले की मालोजी-शहाजी वाटेवरचे आणि लखुजी वाटेबाहेरचे ठरतात. ज्या दरबारात हे सारे वावरले, तेथे ती वाट अद्याप आखली गेलेली नव्हती.

५. शिवनेरीची वाट : कालगणनेचा अडसर

तिसरी कथा भावनेच्या दृष्टीने सर्वांत प्रभावी आहे. लखुजी मोगली फौजेसह शहाजींचा पाठलाग करत आहेत. दिवस भरत आलेल्या जिजाऊंना घोड्याची दौड सोसत नाही. शहाजी त्यांना शिवनेरीच्या आश्रयास ठेवून पुढे जातात. मागून आलेले लखुजी कन्येस भेटतात व माहेरी सिंदखेडला चलण्याचा आग्रह करतात. त्या मानीपणाने नकार देतात. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'सारख्या कादंबरीने पिता-कन्येच्या या ताणाला वाङ्मयीन रूप दिले आणि पुढील अनेक लेखकांनी व दूरदर्शन-मालिकाकारांनी तो स्वीकारला.

या कथेची कसोटी दोन तिथींनी लागते. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी शिवभारत व जेधे शकावली यांच्या आधारे आज बहुतांश अभ्यासकांनी व महाराष्ट्र शासनानेही स्वीकारली आहे. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी इ.स. १९१६ मध्ये प्रसिद्ध केल्यानंतर या तिथीची चर्चा सुरू झाली. त्यापूर्वी इ.स. १६२७ हे जन्मवर्ष रूढ होते. लखुजींची हत्या श्रावण पौर्णिमा, शके १५५१ म्हणजे २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेस झाली. दोन्ही तिथी एकाच शकातील आहेत आणि त्यांच्यात सुमारे सात महिन्यांचे अंतर आहे. म्हणजे लखुजी मारले गेले त्या दिवशी जिजाऊंच्या उदरातील गर्भ फार तर दोन महिन्यांचा होता. दिवस भरत आलेल्या कन्येला वाटेत भेटणारे लखुजी त्या वेळी हयातच नव्हते. शिवाय मृत्यूसमयी ते मोगली सेवेत नसून निजामशाहीत परत आलेले होते, त्यामुळे पाठलागाचे कारणही उरत नाही.

यावरून कथेच्या उगमाचा अंदाज बांधता येतो. इ.स. १६२७ हे जन्मवर्ष गृहीत धरले तर लखुजी हयात ठरतात, आणि भेट संभवनीय होते. ही कथा जुन्या तिथीच्या आधाराने वाढली. इतिहासाने तिथी बदलली, परंतु ललित लेखनाने जुन्या तिथीवर उभारलेला प्रसंग तसाच ठेवला. एकाच पुस्तकात शिवजन्म इ.स. १६३० चा आणि पाठलाग मात्र इ.स. १६२७ च्या हिशेबाचा, अशी विसंगती त्यामुळे निर्माण होते. कादंबरीकारास कल्पनेचे स्वातंत्र्य असते हे मान्य करूनही, या प्रसंगाची किंमत कोण चुकवतो हा प्रश्न उरतो. ती लखुजी चुकवतात. आपल्या राजाच्या दरबारात मुलांसह मारला गेलेला एक वृद्ध पिता त्याच महिन्यांत गरोदर मुलीच्या पाठीवर फौज घेऊन धावणारा पिता म्हणून वाचकांच्या मनात राहतो.

जिजाऊंच्या चित्रणावरही याचा परिणाम होतो. माहेर की सासर या कसोटीतून त्यांची निष्ठा सिद्ध करण्याची कथाकारांना गरज वाटते. वस्तुतः त्या काळात त्यांच्यावर जे कोसळले ते याहून भीषण होते. गर्भारपणाच्या आरंभीच पिता, दोन बंधू व एक भाचा यांच्या हत्येची वार्ता त्यांच्या कानी आली असणार. ज्या राजाच्या सेवेत पती होता त्याच राजाने माहेर उद्ध्वस्त केले होते. काल्पनिक भेटीने या खऱ्या आघाताची जागा घेतली आहे.

६. दौलताबादची हत्या आणि वैराचा अंत

मलिक अंबर इ.स. १६२६ मध्ये निधन पावल्यानंतर लखुजी पुन्हा निजामशाहीत आले. दुसरा मूर्तजा निजामशहा याच्या मनात त्यांच्याविषयी संशय होता. तपशिलांबाबत साधनांत फरक असला, तरी दरबारात बोलावून लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांना एकाच वेळी ठार करण्यात आले, याबाबत एकवाक्यता आहे. लखुजींच्या पत्नी म्हाळसाबाई व उरलेले कुटुंबीय सिंदखेडकडे निघून गेले. बंधू जगदेवराव व पुत्र बहादुरजी मोगलांना मिळाले. तीन पिढ्यांची कर्ती माणसे एका दिवसात नाहीशी झाली.

या घटनेनंतर शहाजींनी काय केले, हे वैरकथेच्या दृष्टीने निर्णायक आहे. अब्दुल हमीद लाहोरी याच्या 'पादशाहनामा' या ग्रंथात असे नमूद आहे की, जादोंरायाचा जावई असलेल्या शहाजीने सासऱ्याच्या हत्येनंतर निजामशहाशी संबंध तोडला व तो पुणे-चाकण भागात निघून गेला. पुढे तो मोगली सेवेत दाखल झाला. त्यामागे राजकीय धोरण असू शकेल, स्वतःच्या जिवाची चिंताही असू शकेल. परंतु समकालीन मोगल इतिहासकाराला या कृतीचे सर्वांत स्वाभाविक कारण म्हणून जे सुचले ते सासऱ्याची हत्या हेच होते. दोन घराण्यांत न मिटणारे वैर असते, तर जाधवांच्या नाशाने भोसल्यांचा मार्ग निष्कंटक झाला असता. तसे झाले नाही. पुढच्या काळात लखुजींच्याच वंशातील धनाजी जाधव मराठी राज्याचे सेनापती झाले, हेही येथे विसरता येत नाही.

७. तुलना : टग नदीकाठचे दोन कुलपुरुष

'कुलवैर' ही संज्ञा जगभर ज्या उदाहरणाने ओळखली जाते ते अमेरिकेतील हॅटफील्ड व मॅकॉय या घराण्यांचे होय. वेस्ट व्हर्जिनिया व केंटकी या राज्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या टग नदीच्या दोन काठांवर ही घराणी राहत. एकाचा कुलपुरुष 'डेव्हिल ॲन्स' या नावाने ओळखला जाणारा विल्यम अँडरसन हॅटफील्ड (१८३९-१९२१) आणि दुसऱ्याचा रँडॉल्फ मॅकॉय (१८२५-१९१४). यादवी युद्धाच्या अखेरीस, इ.स. १८६५ मध्ये, मॅकॉय घराण्यातील एका माणसाची हत्या झाली. इ.स. १८७८ मध्ये एका डुकराच्या मालकीवरून खटला उभा राहिला. इ.स. १८८२ च्या निवडणुकीच्या दिवशी झालेल्या मारामारीत ॲन्सचा भाऊ जखमी होऊन मरण पावला आणि सूड म्हणून रँडॉल्फचे तीन पुत्र बांधून मारण्यात आले. इ.स. १८८८ च्या पहिल्या दिवशी रँडॉल्फचे घर जाळले गेले व त्याची आणखी दोन अपत्ये बळी पडली. आरोपींना पकडून नेण्यावरून दोन राज्यांत वाद होऊन प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

तेथेही डुक्कर हेच वैराचे कारण म्हणून प्रसिद्ध झाले. पत्रकारांनी डोंगराळ माणसांच्या रानटीपणाची कथा रचली. पुढे आल्टिना वॉलर यांनी इ.स. १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जमीन, इमारती लाकडाचा व्यापार, बाहेरून येणारे भांडवल व स्थानिक राजकारण यांच्या संदर्भात या वैराची फेरमांडणी केली आणि डुकराची कथा गौण ठरली. हत्ती असो वा डुक्कर, लोकस्मृती वैराला दिसण्याजोगे व सांगण्याजोगे कारण शोधते. खरी कारणे वतनाच्या, जमिनीच्या व सत्तेच्या सीमेवर असतात. ती सांगण्यास कठीण असल्याने कथेबाहेर राहतात.

तथापि साम्य येथेच संपते. टग नदीकाठी सूड हा कुळाचा धर्म झाला होता व एका हत्येला दुसरी हत्या उत्तर देत होती. जाधव-भोसल्यांत एका दिवशी दोन माणसे पडली आणि पुढे सुडाची साखळी सुरू झाली नाही. खेळोजींनी भावाच्या मृत्यूचा सूड जाधवांवर उगवल्याचे दिसत नाही, तसेच जाधवांनी दत्ताजींसाठी भोसल्यांचा पाठपुरावा केल्याचेही दिसत नाही. लखुजींचा घात भोसल्यांनी केला नाही, तो राजसत्तेने केला. रँडॉल्फ मॅकॉयने आपली मुले वैऱ्याच्या हातून गमावली. लखुजींचे एक पुत्र चकमकीत आणि दोन पुत्र व नातू धन्याच्या हुकमाने गेले. या भेदामुळे जाधव-भोसले संबंधांना 'कुलवैर' म्हणण्यापेक्षा दरबारी स्पर्धेत घडलेली एक रक्तरंजित घटना म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

८. समारोप

मराठी मनाला भाऊबंदकीची कथा परिचयाची आहे. कृ. प्र. खाडिलकरांनी इ.स. १९०९ मध्ये पेशव्यांच्या घरातील कलह रंगभूमीवर आणला, तेव्हा त्या शब्दालाच नाट्यरूप मिळाले. जाधव-भोसले प्रकरणही याच सवयीने वाचले गेले. परिणामतः लखुजींच्या चरित्राचे दोन शेवट झाले. इतिहासात ते दौलताबादेस श्रावणी पौर्णिमेला मारले जातात. कथेत ते शिवनेरीच्या वाटेवर कन्येच्या नकारापाशी थांबतात आणि पुढे दिसेनासे होतात. दुसरा शेवट अधिक लोकप्रिय आहे, कारण त्यात कोणी तरी जिंकते. अलीकडच्या काळात 'स्वराज्यजननी जिजामाता' या मालिकेने सिंदखेडच्या वाड्याला व लखुजींमधील पित्याला पडद्यावर पुष्कळ जागा दिली. परंतु वत्सल पिता हे कठोर पित्याला दिलेले उत्तर झाले. सीमेवरचे वतन सांभाळणारा, दोन बलाढ्य सत्तांमध्ये कुटुंब जगवू पाहणारा आणि त्या प्रयत्नात कुटुंबासह संपलेला सरदार अद्याप ललित लेखनात पुरेसा उतरलेला नाही.

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, रंगाची कथा ही उत्तरकालीन व लोककथेच्या साच्याची असून तिच्यावरून लखुजींच्या स्वभावाचे अनुमान करणे योग्य नाही. दोन, हत्तीचा प्रसंग शिवकालीन आधार असलेला असला तरी त्याची मांडणी आश्रयदात्याच्या दोन्ही कुळांचा मान राखण्याच्या गरजेतून झाली आहे, आणि लखुजींच्या निष्ठाबदलाचे ते पुरेसे कारण नाही. तीन, शिवनेरीच्या वाटेवरील भेट स्वीकृत तिथींशी जुळत नाही. चार, लखुजींच्या हत्येनंतरचे शहाजींचे वर्तन वैरकथेस छेद देते.

शालेय व महाविद्यालयीन अध्यापनात या कथा पुढेही सांगितल्या जातील आणि त्या सांगू नयेत असे म्हणण्याचे कारण नाही. त्या सांगताना शके १५५१ मधील दोन तिथी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या, तरी विद्यार्थ्यांना कथा आणि इतिहास यांतील अंतर उमगेल. सिंदखेडच्या जन्मस्थळी जाणाऱ्या प्रत्येकाला त्याच गावातील समाधीपर्यंत जाता येते. तेथे विसावलेला पुरुष कोणाचा वैरी होता यापेक्षा तो कोणाच्या हातून व कशासाठी मारला गेला, हा प्रश्न विचारला जाणे अधिक न्याय्य होईल.